अप्सरा-पऱ्यांचे पत्ते मागवले आणि सासूबाईंनी नियमच बदलले (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलचक होणारे. ज्यांना घ्यायचं की नाही एवढंच हवंय त्यांच्यासाठी: चित्रांसाठी घ्या, आतली पुस्तिका वाचू नका, आणि घरात सत्तरीपुढची कोणी बाई असेल तर तिला खेळायला बसवा. तशी कोणी नसेल तर माझ्या मते ७९९ रुपये जरा जास्तच आहेत.

तर झालं असं की माझ्या लेकीला, वय वर्षं तेरा, सध्या मर्मेड, फेअरी, चेटकिणी असल्या सगळ्याचं वेड लागलंय, दिवसभर मोबाईलवर तेच. म्हणलं स्क्रीनवरून तरी उठेल, म्हणून ऑनलाइन एक पत्त्यांचा सेट मागवला. जगभरच्या पुराणांतल्या आणि लोककथांतल्या मोहक स्त्रिया आणि पऱ्या, एकूण ५४ कार्डं, हिंदी-इंग्रजी पुस्तिका. कंपनीचं नाव लिहीत नाही, छोटी मंडळी दिसतायत, उगाच कशाला. पाच दिवस सांगून नवव्या दिवशी आलं, कारण आमचा दांडिया बाजारातला बोळ कुरियरवाल्याला दर वेळी नव्याने शोधावा लागतो, त्याला मी कंपनीचा दोष धरत नाहीये.

डबा मस्त आहे. जाड पुठ्ठा, चुंबकाचं झाकण, आत मखमलीसारखा कागद. कार्डं मात्र इतकी गुळगुळीत की पिसताना सटासट निसटतात, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात दोन दिवस बाहेर राहिली तर एकमेकांना चिकटतात. मी चक्क टाल्कम पावडर लावून ठेवली, तेव्हा कुठे सुटी झाली.

आता खेळ. आपण लहानपणी डब्ल्यूडब्ल्यूएफचे ट्रम्प कार्ड खेळायचो ना, उंची, वजन, रँक, ज्याचा आकडा मोठा त्याने पत्ता घ्यायचा, अगदी तसंच. फक्त इथे रकाने आहेत सौंदर्य, शक्ती, मोहिनी आणि धोका. उर्वशी सौंदर्य ९८, मेनका ९७, रंभा ९६, तिलोत्तमा ९४. पहिल्याच डावाला सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मोजलं कोणी?" मी म्हणलं अहो आई, खेळ आहे, असतं तसं. तर म्हणाल्या, "मग निदान नीट तरी मोजा. तिलोत्तमा खाली कशी? सगळ्या जगातलं जे जे सुंदर ते तीळ तीळ घेऊन घडवली म्हणून तर तिलोत्तमा. तिच्या पायी सुंद-उपसुंद एकमेकांच्या जिवावर उठले, सख्खे भाऊ." पॉइंट बरोबर होता. लेकीने लगेच पेनाने ९४ चे १०० केले. नवीन कार्डावर पेन! मी काही बोलले नाही.

चित्रांबद्दल. चित्रकार खरंच चांगला आहे, रंग गडद, जुन्या कॅलेंडरसारखे, दागिने बारकाईने काढलेत. मेनकेचं कार्ड बघून मात्र आम्ही तिघी एकदम म्हणालो, हे तर आपल्याकडचं! सयाजीरावांनी रविवर्म्याकडून पुराणातली १४ चित्रं काढून घेतली होती, आणि त्याची विश्वामित्र-मेनका लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह म्युझियममध्ये आहे, बडोद्याच्या प्रत्येक शाळेची ट्रिप तिथे जाऊन आलेली असते. कार्डावर उभं राहायची तीच ढब, फक्त कंबर बारीक केलीये आणि मागे जांभळं धुकं सोडलंय. प्रेरणा घ्या हो, पण पुस्तिकेत एक ओळ लिहायला काय हरकत होती. ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी ते चित्र समोर उभं राहून बघाच, तिकिटाचे पैसे त्या एका चित्रात वसूल. आणि गंमत बघा, ज्या ऋषीचा तप मोडला त्याच्या नावाची नदी आमच्या गावातून वाहते, विश्वामित्री. नदीबद्दल पुढे बोलायचंय.

मेनकेच्या मागे लिहिलंय, "अपने रूप से ऋषियों को भटकाने वाली". मोहिनी ९९, धोका ९०. आईंना इथे दुसरा झटका आला. त्यांचं म्हणणं, अगं ती काय हौसेने गेली होती का? इंद्राने पाठवली. महाभारताच्या आदिपर्वात मेनका इंद्राला स्वच्छ सांगते की ज्याला तू स्वतः घाबरतोस त्याला मी का घाबरू नको, आणि मग वारा बरोबर दे, मदन बरोबर दे, असं सगळं मागून घेऊन मगच निघते. म्हणजे वरून ऑर्डर आली, जोखीम हिची. रंभेचं तर त्याहून वाईट. रामायणात बालकांडात तिलाही इंद्रानेच विश्वामित्राकडे पाठवलं, बिचारी आधीच थरथरत होती, आणि ऋषीने शाप देऊन तिची दहा हजार वर्षं शिळा केली. इंद्राला काय झालं? काही नाही, तो आपल्या सिंहासनावर. आणि या कार्डावर रंभेचा धोका ८८! माझ्या मते उलटा रकाना पाहिजे, हिला असलेला धोका. मी बारा वर्षं नोकरी केलीये, साहेबाच्या निरोपावरून शिव्या खायला आपण जायचं हे मला चांगलं कळतं.

रविवर्म्याने पुढे स्वतःचा छापखाना काढला, १८९४ मध्ये, तेव्हा त्यातून निघालेलं पहिलं चित्र शकुंतलाजन्म होतं. मेनका तान्ही पोर पुढे करतेय आणि विश्वामित्र तोंड फिरवून हात वर करतोय. आईंच्या माहेरी ते ओटीवर टांगलेलं होतं म्हणे, आणि त्या लहानपणी विचारायच्या की हा बाबा बाळाकडे बघत का नाही. तो प्रसंग या सेटमध्ये कुठेच नाही. मोह पडल्यानंतर पुढे काय होतं ते यांना नकोच आहे.

आता खरी गोष्ट, ज्यासाठी हे सगळं टाइप करतेय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेले, इन्व्हर्टरवर एकच दिवा, आई म्हणाल्या आण गं ते पत्ते, पण आकडे नाही बघायचे. नियम असा: कार्ड उचल आणि सांग तिची अट काय होती. सांगता आली तर कार्ड तुझं. लेक म्हणाली, "आजी, कसली अट?" आई म्हणाल्या, "अगं, अशा बाया फुकट राहत नाहीत कोणाकडे. आधी अट घालतात. मोडली की चालल्या."

आणि खरंच की! मी आयुष्यभर या गोष्टी ऐकल्या, पण असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

उर्वशी. पुस्तिकेत दोन ओळी, स्वर्ग की सबसे सुंदर अप्सरा वगैरे. तिची गोष्ट ऋग्वेदात आहे, दहाव्या मंडलात ९५वं सूक्त, १८ ऋचा, उर्वशी आणि तिचा नवरा पुरूरवा यांचा संवाद, आणि तोही ती निघून गेल्यानंतरचा. तो म्हणतो थांब, ती म्हणते मी वाऱ्यासारखी आहे, हाती लागायची नाही. अटी शतपथ ब्राह्मणात आहेत. माझ्या मनाविरुद्ध जवळ यायचं नाही, आणि तू मला उघडा दिसता कामा नये, आम्हा बायकांशी वागायची रीत हीच आहे, असं ती पुरूरव्याला सांगते. पहिली अट मी लेकीला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली हो मम्मी, कळलं, आणि कानापर्यंत लाल झाली, पण ऐकलं तिने. पुढे गंधर्वांना उर्वशी परत पाहिजे असते, म्हणून ते तिच्या पलंगाला बांधलेली कोकरं रात्री चोरतात, ती ओरडते की घरात कोणी पुरुष नसल्यासारखं माझं लेकरू नेलं, हा घाईत तसाच उठून धावतो, आणि गंधर्व बरोब्बर तेव्हाच वीज चमकवतात. संपलं. शेवटी त्याला ती सापडते कुरुक्षेत्राजवळच्या तळ्यात, मैत्रिणींबरोबर पाणपक्षी होऊन पोहताना. आता हे वाचल्यावर कार्ड नंबर ३१ बघा, युरोपातल्या हंसकन्या. पिसांचा पेहराव काढून तळ्यात उतरणाऱ्या, पेहराव लपवला की अडकणाऱ्या. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर मावसबहिणी वाटतात, पण पुस्तिकेत एका शब्दाचा उल्लेख नाही.

मग तर आम्ही सुटलोच. गंगा: मी कोण ते विचारायचं नाही, मी काही केलं तरी अडवायचं नाही. शंतनूने सात मुलं नदीत जाताना बघितली आणि आठव्याला तोंड उघडलं, आठवा वाचला तो भीष्म. (कार्डावर गंगेचा धोका ४० दिलाय, का कोण जाणे, बहुतेक पवित्र म्हणून सूट.) आमच्या बडोद्याच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी भिंतीवर गंगावतरण काढलंय, ते आठवलं की या कार्डावरची मेकअप केलेली गंगा फारच केविलवाणी वाटते. मेल्युसीन, फ्रान्सची: शनिवारी माझ्याकडे बघायचं नाही. त्या दिवशी ती कमरेखाली साप होऊन न्हाणीत बसायची. नवऱ्याने बघितलंच. आई म्हणाल्या, "आठवड्यातून एक दिवस बाईला एकटं सोडवत नाही, कुठलाही देश घ्या."

सेल्की मला माहितीच नव्हत्या. स्कॉटलंडच्या वरची ऑर्कनी, शेटलंड बेटं आहेत तिथल्या सीलबाया, कातडं उतरवलं की बाई, चढवलं की सील. कोळी कातडं लपवतो, ती लग्न करते, पोरं होतात, आणि एक दिवस पोरांपैकीच कोणाला तरी ते कातडं माळ्यावर नाहीतर पेटीत सापडतं, आई बघ काय मिळालं. ती त्याच संध्याकाळी समुद्रात. लेक विचारायला लागली की इथे अट कुठेय? बराच वेळ कोणी काही बोललं नाही, कारण इथे बाईला अट घालायला मिळालीच नव्हती. ते कार्ड आम्ही मध्ये ठेवून दिलं, कोणालाच नाही.

जपानचं कार्ड सेटमधलं सगळ्यात सुंदर. मिहोच्या किनाऱ्यावर पाइनच्या झाडाला टांगलेला स्वर्गातल्या परीचा पिसांचा झगा, आणि हात पसरून उभा कोळी. तिकडच्या 'नो' नावाच्या जुन्या नाट्यप्रकारात ही गोष्ट करतात. कोळी म्हणतो नाचून दाखव, मग झगा देतो. ती म्हणते झग्याशिवाय नाच येत नाही. तो म्हणतो आधी दिला तर न नाचताच उडून जाशील. ती म्हणते संशय हा माणसांचा, आमच्याकडे खोटेपणा नसतो. तो लाजतो आणि देऊन टाकतो, आणि ती नाचते. सगळ्या सेटमध्ये दोघांनी शब्द पाळला अशी आम्हाला ही एकच सापडली.

आता चुका, कारण ७९९ दिलेत. सायरन. कार्डावर माशाची शेपटी, शिंपल्यांची माळ, एकदम मर्मेड. ग्रीकांच्या जुन्या मडक्यांवर सायरन पक्ष्याच्या अंगाच्या आहेत, वर बाईचं तोंड आणि खाली पंख आणि नखं. आणि ग्रीक कवी होमरच्या सायरन ओडिसियस या दर्यावर्दी वीराला रूपाने बोलवतच नाहीत, त्या म्हणतात ट्रॉयला काय काय झालं ते आणि पृथ्वीवर जे जे होतं ते सगळं आम्हाला ठाऊक आहे, ऐकून शहाणा होऊन जा. ज्ञानाचं आमिष! मोबाईल काय वेगळं करतो. बरं, त्यातून वाचायची युक्ती, म्हणजे सोबत्यांच्या कानात मेण आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घ्यायचं, ही ओडिसियसला सांगितली सर्सीने. तीच सर्सी जिच्या कार्डावर नुसती डुकरं काढून "पुरुषों को जानवर बनाने वाली" लिहून मोकळे झालेत. दोन कार्डं पाठोपाठची आहेत, १७ आणि १८, निदान तेवढं तरी जोडायचं.

"परी"च्या पानावर लिहिलंय की फेअरी आणि परी एकाच शब्दापासून. नाही हो. परी आपल्याकडे फारसीतून आली, तिच्या मागे पारशांच्या अवेस्ता या ग्रंथातली पैरिका, आणि ती तर वाईट चालीची बाई होती, सुंदर-बिंदर नंतर झाली. फेअरीचं मूळ लॅटिनमध्ये, नशीब ठरवणाऱ्या देवता असतात त्यांच्या नावात. आवाज जुळला म्हणून नातं होत नाही. (हे मला कसं माहिती? कॉलेजात भाषाशास्त्राचा एक पेपर होता, पंचवीस वर्षांनी आज पहिल्यांदा उपयोगी पडला.)

आयर्लंडची परी निअव्ह आणि तिचा माणूस ओशीन. तो तिच्याबरोबर तरुणांच्या देशात जातो, परत येतो तर ३०० वर्षं उलटलेली, घोड्यावरून जमिनीवर पडतो आणि क्षणात म्हातारा. तिची अट होती खाली पाय लावू नको. आई म्हणाल्या ३०० चं काय घेऊन बसलात, आपला रेवतीचा बाप ककुद्मी, कुशस्थळीचा राजा, म्हणजे इथलाच, द्वारकेचा, मुलीला स्थळ विचारायला ब्रह्मदेवाकडे गेला, तिथे गाणं चालू होतं म्हणून जरा थांबला, तर खाली २७ चतुर्युगं गेली. मनात धरलेली सगळी स्थळं पणतू-खापरपणतूंसकट संपली. शेवटी बलराम मिळाला. लेक म्हणाली म्हणजे आजी, वेटिंग रूममध्येच. हो म्हणे.

लोखंडाला फेअरी घाबरतात हे वाचल्यावर आईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं. माझ्या बाळंतपणात त्यांनी उशाशी अडकित्ता ठेवला होता आणि मी तेव्हा फार हसले होते. असो.

यक्षिणीचं कार्ड आलं तेव्हा हे ऑफिसातून आले आणि म्हणाले, अलकापुरीत राहणारी का? आता आमच्या बडोद्यात अलकापुरी म्हणजे शोरूम, ऑफिसं आणि महागडे फ्लॅट, पण नाव कुबेराच्या नगरीचं आहे, यक्ष-यक्षिणी तिथलेच. तिथला भाव बघता कुबेरच पाहिजे. जोक बरा होता, त्यांना ते कार्ड अटीशिवाय देऊन टाकलं.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र ही की आपल्या साती आसरा नाहीत. जगभर फिरले, स्लाव लोकांच्या पाण्यातल्या रुसाल्का घेतल्या, आणि महाराष्ट्रातल्या विहिरीवर बसलेल्या सात जणी दिसल्या नाहीत. आसरा म्हणजे अप्सराच, शब्द घासून घासून झालेला, आणि अप्सरा म्हणजे तरी काय, पाण्यात वावरणारी. आईंचं माहेर नाशिककडचं, त्यांच्या मळ्यातल्या विहिरीपाशी सात दगड होते, शेंदूर लावलेले, हळदकुंकू, खण, लिंबू, दहीभात. भर दुपारी एकटं पाण्यावर जायचं नाही, पोरीबाळींनी तर नाहीच. तिथे कुणाच्या तोंडी मोहक-बिहक नव्हतं. नमस्कार करायचा, निवद ठेवायचा आणि मागे न बघता यायचं. सौंदर्य किती, असं त्या विहिरीवर कोणी विचारलं असतं तर माझ्या आजेसासूबाईंनी थोबाडीत दिली असती असं आई म्हणतात.

सेटमध्ये दोन कोरी कार्डं दिलीत, आपली परी बनवा म्हणून, आणि ही कल्पना मला फार आवडली, अर्धा स्टार तिचाच. एकावर आईंनी सात ठिपके काढले, शेंदरी स्केचपेनने, खाली काही लिहिलं नाही. दुसऱ्यासाठी त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी कधीच ऐकली नव्हती. आदिपर्वातलीच. वर्गा नावाची अप्सरा आणि तिच्या चार मैत्रिणी, सौरभेयी, समीची, बुद्बुदा आणि लता. रानात एकटा अभ्यास करत बसलेल्या एका ब्राह्मणासमोर गेल्या, गाणी म्हणल्या, हसल्या, तो ढिम्म. आणि वर शाप दिला, शंभर वर्षं मगरी होऊन पाण्यात पडा. कोणी थोर पुरुष तुम्हाला ओढून काठावर काढेल तेव्हा सुटाल. मग पाच तीर्थांत पाच मगरी, आणि भीतीने तिकडे अंघोळीला कोणी फिरकेना. अर्जुन वनवासात फिरत फिरत दक्षिणेला गेला, सगळे नको म्हणत असताना उतरला, मगरीने पाय धरला, आणि हा तिला धरून तसाच वर आला. काठावर येते तर दागिने घातलेली बाई. मग तिने सांगितलं, माझ्या चौघी अजून पाण्यात आहेत.

आता हे बडोद्यात ऐकायचं म्हणजे काय ते बडोदेकरांनाच कळेल. आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत, पुलावरून दिसतात, आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात तर रस्त्यावर आल्या होत्या, लोक गच्चीवरून व्हिडिओ काढत होते. त्या वेळी लेक दोन रात्री झोपली नव्हती. परवा काला घोड्याच्या पुलावरून जाताना रिक्षा थांबवायला लावली आणि खाली वाकून बघत बसली, म्हणाली एक दिसली, वर्गा आहे का लता ते कळत नाहीये. रिक्षावाले काका म्हणाले, "बेन, जल्दी करो ने."

तिने कोऱ्या कार्डावर पाच मगरी काढल्यात, चौघी पाण्यात आणि एक अर्धी बाहेर. सौंदर्य, शक्ती वगैरे रकाने खोडून एकच ठेवलाय, अट.

कंपनीला व्हॉट्सॲपवर सगळं लिहून कळवलं, सायरनची शेपटी, परीचं मूळ, आसरा, तर "थँक्स मॅम, नोटेड" एवढं आलं. ठीक आहे. पण वाचत असाल तर एक विनंती, नुसती कोरी कार्डं वेगळी विकता का? दहा रुपयाला एक पडलं तरी चालेल. आईंनी यादी केलीये, अकरा नावं झालीयेत, आणि अजून हडळ-जखिणींपर्यंत आम्ही पोचलोच नाहीयोत.